ताराबाई मोडक : शिक्षकांना एकमेकांशी जोडणारी शिक्षिका



अंगणवाडी हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलेला आहे की तो कुठून आला हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. गावातली अंगणवाडी, अंगणवाडी ताई, अंगणवाडीचा खाऊ. बालवाडी हा शब्दही तसाच. हे दोन्ही शब्द घराघरात पोहोचले ते ताराबाई मोडक यांच्या कामामुळे. डी.एड.च्या पुस्तकात त्यांच्यावर एक-दोन परिच्छेद असतात. जन्म, मृत्यू, पद्मभूषण आणि बालशिक्षणातलं कार्य. परीक्षेपुरतं आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो.

या लेखात ताराबाईंचं जीवन आपण जरा वेगळ्या बाजूने पाहू. मुलांसाठी त्यांनी काय केलं हे तर येईलच. पण त्याहून जास्त लक्ष आपण एका गोष्टीकडे देऊ. मुलांना शिकवणाऱ्या माणसाने स्वतः शिकत कसं राहायचं, हा प्रश्न ताराबाईंनी आयुष्यभर सोडला नाही. आज आपण ज्याला सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास म्हणतो, ते काम त्यांनी इंटरनेटच काय, गावात फोनही नव्हता त्या काळात उभं केलं.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलीला शिकवावं की नाही यावर त्या काळी बऱ्याच घरांत वाद होत असत. केळकरांच्या घरात मात्र मुलींच्या शिक्षणाला मोकळीक होती. ताराबाई शिकत गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया त्या वेळी फार थोड्या होत्या.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली, प्रभा. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये ताराबाई लहानग्या मुलीला घेऊन घराबाहेर पडल्या आणि थेट काठियावाडात राजकोटला गेल्या. आजसुद्धा मूल घेऊन एकटं राहणाऱ्या बाईकडे समाज कसा बघतो हे आपल्याला माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी ते किती अवघड असेल याचा अंदाज बांधा. प्रांत परका, भाषा परकी आणि पदरात लहान मूल.

राजकोटला त्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या स्त्रिया तिथे तयार होत. म्हणजे ताराबाईंच्या कामाची सुरुवात मुलांच्या वर्गातून झाली नाही, शिक्षिकांच्या वर्गातून झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

प्राचार्यपद सोडून बालमंदिरात

राजकोटची नोकरी मानाची होती आणि सुरक्षितही होती. एकट्या आईला याहून जास्त काय हवं? पण ताराबाईंचं मन तिथे रमेना. मानसशास्त्राचं त्यांचं वाचन सुरू होतं. शिवाय घरात स्वतःची मुलगी वाढत होती. तिला कोणत्या शाळेत घालायचं, कसं शिकवायचं, हा आईचा प्रश्न होता. छडी आणि घोकंपट्टी यांच्यावर चालणाऱ्या शाळेत लेकीला पाठवायला मन तयार होईना.

त्याच काळात भावनगरला गिजुभाई बधेका यांचं नाव होऊ लागलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी वकिलीवर पाणी सोडलं. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. तिथे मुलांना मारायचं नाही, धाक दाखवायचा नाही, गोष्टी, गाणी, नाटक, हातकाम यांतून शिकू द्यायचं. मुलांवरच्या मायेमुळे लोक गिजुभाईंना मिशावाली आई म्हणू लागले.

१९२३ मध्ये ताराबाई भावनगरला दाखल झाल्या. प्राचार्यपद सोडून त्या लहान मुलांच्या शाळेत सहकारी म्हणून आल्या. आपल्या व्यवस्थेत बालवाडीची शिक्षिका सगळ्यात खाली आणि कॉलेजचा प्राचार्य सगळ्यात वर, अशी उतरंड आजही आहे. ताराबाई ती उतरंड स्वतःहून उलट्या दिशेने उतरल्या. कारण मोठ्यांना शिकवायचं असेल तर आधी मूल कसं शिकतं ते समजलं पाहिजे, आणि ते मुलांमध्ये बसल्याशिवाय समजत नाही.

जवळपास नऊ वर्षं त्या भावनगरला राहिल्या. गुजराती आपलीशी केली. मुलांचं निरीक्षण, साधनं तयार करणं, गोष्टी गोळा करणं, लिहिणं, सगळं सुरू होतं.

शिक्षकांचा संघ आणि शिक्षकांची पत्रिका

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ.

भावनगरचं बालमंदिर उत्तम चाललं होतं. पण एक शाळा उत्तम चालली म्हणून काय झालं? बाकीच्या गावांतल्या शिक्षकांनी काय करायचं? समजा, दूरच्या खेड्यातल्या एखाद्या शिक्षकाला छडी टाकून द्यावीशी वाटली. त्याला कोण सांगणार की छडीऐवजी काय करायचं? एखादी गोष्ट फसली तर विचारायचं कुणाला? त्याच्या शाळेत तो एकटाच. वरचा अधिकारी वर्षातून एकदा येणार, तोही दोष काढायला. आपल्यापैकी ज्यांनी एकशिक्षकी शाळेत काम केलंय त्यांना हा एकटेपणा वेगळा समजावून सांगायला नको.

या प्रश्नावर गिजुभाई आणि ताराबाई यांनी तीन वाटा काढल्या.

पहिली वाट अध्यापन मंदिराची. बालशिक्षण देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी बालमंदिराला लागूनच प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. ज्या जागेत मुलं शिकत होती तिथेच शिक्षकही शिकत होते. आधी बघायचं, मग करून पाहायचं, मग चर्चा करायची. फळ्यावर सिद्धांत लिहून घेऊन परत जायचं, असं ते प्रशिक्षण नव्हतं.

दुसरी वाट संघाची. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ठिकठिकाणी एकेकटे प्रयोग करणारे शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांना एका धाग्यात बांधणं हा त्याचा हेतू. संमेलनं भरू लागली. लोक दुरून येत आणि आपापल्या शाळेत काय चाललंय ते एकमेकांना सांगत. आपल्यासारखाच विचार करणारा माणूस शंभर कोसांवर आहे, एवढं कळलं तरी काम करणाऱ्याला केवढा धीर येतो!

तिसरी वाट मासिकाची. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघालं. पुढे १९३० नंतरच्या दशकात मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली, हिंदीतही आवृत्ती निघाली. हे मासिक शिक्षकांसाठी होतं आणि पालकांसाठीही होतं. मूल हट्ट का करतं, खोटं का बोलतं, शिस्त म्हणजे काय, खेळातून काय शिकता येतं, असले रोजचे प्रश्न त्यात असत. अंक पोस्टाने गावोगाव जायचा. ज्या शिक्षकाला कधी भावनगर किंवा मुंबई दिसणार नव्हती त्याच्या हातात दर महिन्याला नवा विचार पडत होता.

प्रशिक्षण, संघ आणि मासिक. या तिघांचं नातं नीट बघा. प्रशिक्षणात शिकलेला शिक्षक गावी परत गेला की एकटा पडू नये म्हणून संघ. संघाची भेट क्वचित होते, म्हणून मधल्या दिवसांत मासिक. आणि मासिकात वाचलेलं प्रत्यक्ष कसं दिसतं हे बघायचं असेल तर बालमंदिर होतंच. एक कडी काढली तर बाकीच्या दोन ढिल्या पडतात.

दादर ते बोर्डी

१९३० च्या दशकात ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षणाची ओळख इथून झाली. इथेही मुलांच्या वर्गाला जोडून शिक्षिकांचं प्रशिक्षण होतं. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी मॉन्टेसरीबाई स्वतः भारतात आल्या आणि मॉन्टेसरी शिक्षणाकडे शहरातल्या लोकांचं लक्ष गेलं.

शिशुविहार स्थिरावलं होतं. ताराबाईंचं नाव झालं होतं. इथेच थांबल्या असत्या तरी त्यांना कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. मॉन्टेसरीबाईंनी आपलं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोममधल्या गरीब कामगारांच्या वस्तीत काढलं होतं. आपल्याकडे मात्र तेच शिक्षण फी परवडणाऱ्या घरांपुरतं राहिलं. साधनं महाग आणि तीही ठरावीक मापाची. खेड्यातल्या मुलांचं काय?

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी हे गुजरातच्या सीमेजवळचं, समुद्राकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. लहानपणीच लग्न आणि तेराव्या वर्षी वैधव्य. नंतर शिक्षिकेचं प्रशिक्षण, नोकरी, आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक. पुण्यातली नोकरी सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या त्या कायमच्याच. बी.ए. तर त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर केलं. शिक्षकाने शिकत राहायचं म्हणजे काय, याचं उदाहरण ताराबाईंच्या शेजारीच होतं.

मूल येत नसेल तर शाळेने जायचं

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण मुलं कुठे होती? वरच्या घरांतली आली. हरिजनवाड्यातली मुलं काही येईनात. कार्यकर्त्या घरोघर जाऊन मुलांना घेऊन येत, आंघोळ घालत, केस विंचरत, खाऊ देत. तरी मुलं टिकत नव्हती. आई मजुरीला गेलेली, घरी धाकटं भावंडं सांभाळायचं, पायाखालची वाट अनोळखी, शाळेची इमारत त्याहून अनोळखी.

आपण अशा वेळी काय करतो? पट नोंदणीच्या रजिस्टरमध्ये सतत गैरहजर असा शेरा मारतो. पालक जागरूक नाहीत असं म्हणतो. ताराबाईंनी दोष पालकांवर टाकला नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात नेऊ, असं ठरलं. वस्तीतल्या एखाद्या मोकळ्या अंगणात, झाडाखाली, शिक्षिका जाऊन बसू लागल्या. तीच अंगणवाडी. मुलं अंगणात होतीच, ती भोवती जमली. कामावरून येता-जाता आयाही बघू लागल्या. शाळा म्हणजे काय हे त्यांना पहिल्यांदाच जवळून दिसलं.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या, बांबू, माती. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे शिकवायला परदेशी लाकडी संच कशाला हवा? आज आपण कमी खर्चातील शैक्षणिक साहित्य म्हणून ज्याची प्रदर्शनं भरवतो, ते बोर्डीच्या अंगणात गरज म्हणून जन्माला आलं होतं.

१९५७ मध्ये काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे वारली आदिवासींचे पाडे. आणि इथला प्रश्न आणखी वेगळा होता. मुलगा जरा मोठा झाला की गुरं राखायला जायचा. मुलगी घरी धाकट्याला सांभाळायची. मुलांचं हे काम घराच्या पोटाशी जोडलेलं होतं. शाळेत या म्हणून उपदेश करून पोट भरत नाही.

त्यावर विकासवाडीची कल्पना आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली तरी चालेल. धाकटं पाळणाघरात आणि ताई वर्गात. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा. जिथे गुरं चरतात त्या कुरणावर शिक्षक जाणार. एक डोळा गुरांवर ठेवून मुलं झाडं, पक्षी, दगड, पाणी यांच्यातूनच भाषा, गणित आणि विज्ञान शिकणार.

आता जरा थांबून शिक्षकाच्या बाजूने विचार करा. अंगणवाडी कशी चालवायची, कुरणशाळेत कसं शिकवायचं, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं असतं? कुठल्याच नाही. कारण त्या गोष्टी तोवर नव्हत्याच. तिथल्या शिक्षकांना रोज करून पाहायचं, काय जमलं आणि काय फसलं ते आपसांत बोलायचं, दुसऱ्या दिवशी बदल करायचा, असंच शिकावं लागलं. कोसबाडला मुलांची शाळा होती तशी ती शिक्षकांचीही शाळा होती. गावातल्या, फार न शिकलेल्या बायकाही तिथे तयार झाल्या आणि उत्तम काम करू लागल्या.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाईंनी तो दिवस पाहिला नाही. अनुताईंनी मात्र १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, कोसबाडचं काम चालवलं.

आपल्यासाठी यात काय आहे?

मित्रांनो, आता आपल्या आजच्या परिस्थितीकडे बघू. साधनांची आपल्याला काहीच कमी नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी दीक्षा सुरू झालं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की व्हिडिओ उघडतो. निष्ठाचं प्रशिक्षण ऑनलाइन झालं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदा होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर प्रत्येक विषयाचा ग्रुप आहे.

मग ताराबाईंच्या काळातल्या शिक्षकापेक्षा आपण कमी एकटे आहोत का? प्रामाणिकपणे उत्तर द्या. ग्रुपवर रोज काय येतं? शुभ सकाळ, शासन निर्णयाची पीडीएफ, माहिती तातडीने भरा अशी सूचना, आणि दुसऱ्या ग्रुपवरून पुढे ढकललेला व्हिडिओ. माझ्या वर्गातल्या एका मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, मी हे-हे करून पाहिलं, जमलं नाही, कुणाला काही सुचतंय का? असा संदेश शेवटचा कधी वाचला होता? कोर्स पूर्ण झाला, प्रमाणपत्र डाउनलोड झालं, आणि वर्ग होता तसाच राहिला, असंही अनेकदा होतं.

दोष मोबाइलचा नाही. शिक्षणपत्रिका पोस्टाने यायची आणि आपला संदेश सेकंदात पोहोचतो, एवढाच साधनातला फरक. ताराबाईंच्या जीवनातून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, वर्गातून निघालेला प्रश्न आधी आणि साधन नंतर. अंगणवाडी निघाली ती मुलं येत नव्हती म्हणून. कुरणशाळा निघाली ती गुरं सोडता येत नव्हती म्हणून. आपणही ऑनलाइन कोर्स निवडताना यादीतला पहिला कोर्स न घेता, आपल्या वर्गातली या महिन्यातली एक अडचण लिहून काढावी आणि तिच्यासाठी काय मिळतं ते शोधावं.

दुसरी गोष्ट, घेणाऱ्याने द्यायलाही हवं. प्रत्येकजण फक्त डाउनलोड करणारा असेल तर समूह कितीही मोठा असला तरी त्यात शिकणं होत नाही. महिन्यातून एकदा, आठ-दहा ओळींत, आपण काय केलं आणि मुलांनी काय प्रतिसाद दिला ते लिहा. फसलेलंही लिहा. बाजूच्या शाळेतल्या शिक्षकाला तुमच्या यशापेक्षा तुमच्या अडचणीतून जास्त धीर येईल.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष बघण्याला पर्याय नाही. भावनगरला काय, दादरला काय आणि कोसबाडला काय, प्रशिक्षण मुलांच्या शेजारी बसूनच होत असे. व्हिडिओ जरूर बघा. पण जवळच्या शाळेत चांगलं काम चालू असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन अर्धा दिवस तिथे मागच्या बाकावर जाऊन बसा.

पालकांनाही एक विनंती. शिक्षणपत्रिका पालकांच्याही हातात जात असे, कारण शाळेत एक आणि घरी दुसरंच चाललं तर मुलाची ओढाताण होते, हे ताराबाई ओळखून होत्या. बालकांचा हट्ट आणि बालविकास व शिस्त ही त्यांची पुस्तकं आजही पालकांनी वाचावीत अशी आहेत. पालकसभेत गुणांचीच चौकशी करून परत जाऊ नका. तुमचं मूल घरी कशात रमतं, कशाला घाबरतं, हे शिक्षकांना सांगा. ती माहिती कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

१९ एप्रिलला ताराबाईंची जयंती असते. बहुतेक शाळांत तेव्हा परीक्षांची गडबड असते, त्यामुळे ती साजरी व्हायची राहून जाते. हार-फुलं नाही घातली तरी चालेल. त्या दिवशी आपल्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर आपल्या वर्गातला एक खरा प्रश्न मांडा, आणि दुसऱ्या कुणी मांडलेल्या प्रश्नाला मनापासून उत्तर द्या.